टाकीतले इथेनॉल आणि खिशातले पैसे

गेल्या ऑक्टोबरमधली गोष्ट. संध्याकाळी सातच्या सुमारास आमच्या अपघात विभागात चाळिशीचा एक शेतकरी खोकत खोकत आला. अंगाला पेट्रोलचा वास, डोळे लाल, श्वास मिनिटाला बत्तीस. त्याचे गाव भामरागडच्या वाटेवर. पर्लकोटेला पूर आला की तो भाग जगापासून तुटतो, हे या जिल्ह्यात कुणाला सांगायला नको. त्याच्याकडे एक जुनी, सेकंडहँड घेतलेली पेट्रोलची कार होती. पावसाळ्यात दोन महिने ती अंगणात ताडपत्रीखाली उभी राहिली. दसऱ्याला बाहेर काढली तर झटके देऊ लागली. मेकॅनिक म्हणाला, पेट्रोलमध्ये पाणी झाले, टाकी रिकामी करा. याने रबरी नळी टाकीत सोडली, दुसरे टोक तोंडात धरून ओढले आणि एक घोट सरळ घशात गेला. हे घडले दुपारी बाराला. ठसका लागला, थोड्या वेळाने बरे वाटले, म्हणून तो जेवून झोपला. चार वाजता ताप आणि धाप सुरू झाली.

ऑक्सिजन लावून जरा स्थिरावल्यावर त्याने मला विचारले, "सायेब, आता पेट्रोलमंधी दारूच मिसळवते म्हणतेत. मंग दारूनं का कोनाले निमोनिया होते?"

वॉर्डातली दोन-चार माणसे हसली. गडचिरोलीत १९९३पासून दारूबंदी आहे. शेजारच्या चंद्रपुरात ती १ एप्रिल २०१५ला लागू झाली आणि २०२१मध्ये उठली. अशा मुलखात प्रत्येक पंपावर इथेनॉल मिळते, हा विनोद मीही दहा वेळा ऐकला आहे. पण त्याचा प्रश्न विनोदाचा नव्हता. दारू पोटात गेली तर काही होत नाही, मग हेही तसेच, असे समजून तो घोट घेतल्यानंतर चार तास घरी थांबला होता.

त्याला दिलेले उत्तर इथेही देतो. आज पंपावर मिळणाऱ्या ई-२० पेट्रोलमध्ये शंभरातले वीस भाग इथेनॉल असते. दहा मिलिलिटरचा घोट गेला तर त्यात इथेनॉल फक्त दोन मिलिलिटर. त्रास देतात ते उरलेले आठ. पेट्रोल पाण्यापेक्षा पातळ आणि सरसर पसरणारे. त्याचे काही थेंब श्वासनलिकेत उतरले की ते फुप्फुसाच्या फुग्यांवर पसरतात, त्यांना उघडे ठेवणारा स्निग्ध थर विरघळवून टाकतात आणि फुगे मिटू लागतात. हा जंतूंचा न्यूमोनिया नव्हे, रसायनाने झालेली इजा आहे. त्यावर उतारा नाही. प्रतिजैविकांचा सुरुवातीला उपयोग नसतो. ऑक्सिजन द्यायचा, लक्ष ठेवायचे आणि फुप्फुस सावरायची वाट पाहायची. पहिला एक्स-रे अनेकदा स्वच्छ दिसतो, म्हणून अशा रुग्णाला किमान सहा ते आठ तास नजरेखाली ठेवावे लागते.

घरी काय करू नये, ते मात्र पाठ करून ठेवा. उलटी करवू नका. मिठाचे पाणी, दूध, तूप, ताक काही पाजू नका. पोटात गेलेले पेट्रोल पोटात राहिले तर फारसे बिघडत नाही. ते वर आले की पुन्हा श्वासनलिकेत शिरायला दुसरी संधी मिळते. कपडे काढा, त्वचा साबणाने धुवा, माणसाला बसते ठेवा आणि दवाखाना गाठा. खोकला थांबला म्हणून घरी थांबू नका.

तिसऱ्या दिवशी ऑक्सिजन निघाला आणि त्याने खरा प्रश्न काढला. त्याने मोबाइलवर ऐकले होते की इथेनॉल पेट्रोलपेक्षा खूप स्वस्त आहे आणि त्यावर चालणाऱ्या गाड्या आल्या आहेत. "मंग माह्या गाडीत जास्त इथेनॉल टाकलं तं पैसे वाचतीन का?" हा प्रश्न मला डॉक्टर मित्रांनीही विचारला आहे, त्यामुळे कागद घेऊन हिशेब मांडला.

एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा मिळते, एक लिटर इथेनॉलपासून सुमारे २१. म्हणजे दोन-तृतीयांश. वीस टक्के मिश्रणात लिटरमागे ऊर्जा साधारण सात टक्क्यांनी कमी होते. गाडीचे ॲव्हरेज मात्र नेमके तेवढेच पडते असे नाही, कारण इथेनॉलचा ऑक्टेन आकडा जास्त असतो आणि त्याच्यासाठी बनवलेले इंजिन थोडी भरपाई करून घेते. नीती आयोगाच्या २०२१च्या अहवालातला अंदाज असा आहे: शुद्ध पेट्रोलसाठी बनवून दहा टक्के मिश्रणासाठी जुळवून घेतलेल्या चारचाकीचे ॲव्हरेज ई-२०वर सहा ते सात टक्के घटेल, तशाच दुचाकीचे तीन ते चार टक्के, आणि दहा टक्क्यांसाठी बनवून वीससाठी जुळवलेल्या चारचाकीचे एक ते दोन टक्के.

आता रुपयांत. महिन्याला हजार किलोमीटर, लिटरला अठरा किलोमीटर, पेट्रोल १०५ रुपये धरू. महिन्याचा खर्च सुमारे ५,८३० रुपये. सहा-सात टक्के घट धरली तर त्यात ३७० ते ४४० रुपयांची भर पडते. एक-दोन टक्के धरली तर साठ ते एकशेवीस रुपयांची. गाडी जितकी जुनी, तितका फटका मोठा. आणि आमच्या भागात गाड्या जुन्याच असतात. माझ्या स्वतःच्या गाडीचा आकडा मी सांगत नाही. एका रुग्णावरून औषध ठरत नाही, आणि गडचिरोली–मूल–चंद्रपूर रस्त्यावर कोणत्या महिन्यात किती खड्डे होते, यावरच माझे ॲव्हरेज जास्त अवलंबून असते.

मग वाचले कुणाचे? देशाचे परकीय चलन वाचले, हे खरे आहे. २०१४-१५पासून जुलै २०२५पर्यंत सुमारे १ लाख ४४ हजार कोटी रुपयांचे, असे पेट्रोलियम मंत्रालय सांगते. दहा टक्के मिश्रणाचा टप्पा जून २०२२मध्ये गाठला गेला, ई-२०ची विक्री फेब्रुवारी २०२३मध्ये सुरू झाली आणि २०३०चे उद्दिष्ट २०२५मध्येच पूर्ण झाले. ऊस आणि मका उत्पादकांकडे पैसा गेला, हेही खरे. पण पंपावर उभ्या असलेल्या माणसाच्या बिलात त्यातले काही उतरले नाही. नीती आयोगाच्या त्याच अहवालात म्हटले होते की मिश्रित इंधनाची ऊर्जा कमी असल्याने त्याची किंमत साध्या पेट्रोलपेक्षा कमी ठेवावी. तसे झाले नाही. मंत्रालयाचे उत्तर असे की तेव्हा इथेनॉल स्वस्त होते. २०२४-२५च्या हंगामात मात्र त्याच्या खरेदीचा सरासरी खर्च वाहतूक आणि जीएसटी धरून लिटरला ७१ रुपये ३२ पैसे पडला आणि तो शुद्धीकरण कारखान्यातून निघालेल्या पेट्रोलपेक्षा जास्त होता. पंपावरचे १०५ रुपये करांसह असतात, हे लक्षात घेतले की 'इथेनॉल फार स्वस्त' हा समज कुठून येतो ते कळते. लोक करासकटच्या पेट्रोलची तुलना कारखान्यातून निघालेल्या इथेनॉलशी करतात.

ब्राझीलमध्ये यासाठी एक सोपा हिशेब आहे. तिथे २००३पासून कोणत्याही प्रमाणातले इथेनॉल चालवणाऱ्या फ्लेक्स-फ्युएल गाड्या विकल्या जातात. पंपावर दोन्ही इंधने मिळतात. इथेनॉलचा दर पेट्रोलच्या सत्तर टक्क्यांपेक्षा कमी असेल तर इथेनॉल भरायचे, नाहीतर पेट्रोल. आपल्याकडे तो हिशेब लावायचा तर १०५ रुपयांच्या पेट्रोलसमोर इथेनॉल पंपावर साधारण ७३ रुपयांच्या आत मिळायला हवे. आपल्याकडेही मार्च २०२४मध्ये महाराष्ट्रासह पाच राज्यांतल्या १८३ पंपांवर जवळपास शुद्ध इथेनॉल, म्हणजे ई-१००, विकायला सुरुवात झाली, आणि त्याआधी ऑगस्ट २०२३मध्ये नितीन गडकरींनी दिल्लीत त्यावर चालणारी एक प्रायोगिक कार लोकांसमोर आणली. मोबाइलवरच्या चित्रफिती त्यातूनच आल्या असाव्यात. आपल्या दारातली साधी कार मात्र तशी नाही.

पेट्रोलचा एक भाग नीट जळायला वजनाने सुमारे पावणेपंधरा भाग हवा लागते, इथेनॉलला नऊ. म्हणजे तेवढ्याच हवेत इथेनॉल बरेच जास्त सोडावे लागते. साध्या गाडीचा संगणक हे प्रमाण एका मर्यादेपर्यंतच सांभाळतो. त्यापलीकडे इंजिनला इंधन कमी पडते, ते तापते, सकाळी सुरू व्हायला कुरकुरते, डॅशबोर्डवर दिवा लागतो. जुने रबरी पाइप फुगतात, चिरतात, आणि पेट्रोलचा पाइप गरम इंजिनजवळ गळू लागला तर बोनेटखाली आग लागू शकते. म्हणून दुकानातले स्पिरिट, थिनर किंवा कुठूनतरी मिळालेले इथेनॉल घरी मिसळू नका. औद्योगिक स्पिरिट आणि थिनरमध्ये मिथेनॉल असू शकते, आणि मिथेनॉलने डोळे गेलेली माणसे मी पाहिली आहेत. (गमतीचा भाग असा की मिथेनॉलच्या विषबाधेवर आम्ही रुग्णालयात जे उतारे वापरतो, त्यातला एक इथेनॉलच आहे.)

त्या शेतकऱ्याची गाडी का बंद पडली, तेही सांगायला हवे. इथेनॉलला पाणी प्रिय. टाकीत थोडे पाणी गेले तर ते विरघळून निघून जाते, आणि हे चांगलेच. पण झाकणाचे रबर गेलेले असेल, पाऊस आत झिरपत असेल, तर एका मर्यादेनंतर इथेनॉल पेट्रोलची साथ सोडते आणि पाण्याबरोबर खाली बसते. रात्री गारवा पडला की ही मर्यादा आणखी खाली येते. पंप इंधन ओढतो तळातूनच. त्यामुळे इंजिनला पेट्रोलऐवजी पाणी मिसळलेले इथेनॉल मिळते. उपाय साधे आहेत. पावसाळ्याआधी झाकणाचे रबर बदलून घ्या. गाडी बराच काळ उभी राहणार असेल तर टाकी अर्धी न ठेवता भरून ठेवा, म्हणजे आत दमट हवेला जागा कमी राहते. शक्य असेल तर आठ-दहा दिवसांतून एकदा पाच-सहा किलोमीटर फिरवून आणा. जुन्या गाडीचे पाइप वर्षातून एकदा मेकॅनिककडून बघून घ्या.

बाटलीत पाणी घालून 'पेट्रोलमध्ये किती दारू आहे' हे दाखवणारे प्रयोग पोरे करतात, असे कानावर येते. दारूबंदीच्या जिल्ह्यात याचा पुढचा विचार कुणाच्या डोक्यात येईल, हे मला ठाऊक आहे, म्हणून स्पष्टच लिहितो: खाली बसलेले ते पाणी दारू नव्हे. त्यात पेट्रोलमधले बेंझिन उतरलेले असते. बेंझिन रक्त तयार करणारी मज्जा मारते आणि त्याने रक्ताचा कर्करोग होतो, यात शास्त्रीय शंका उरलेली नाही.

बाटलीवरून आणखी एक. दोन पंपांमध्ये तीस-चाळीस किलोमीटर अंतर असते तिथे किराणा दुकानात पाण्याच्या बाटलीत पेट्रोल विकले जाते. लोकांचा नाइलाज मला समजतो. पण ती बाटली घरात पाण्याच्या बाटल्यांशेजारी ठेवली जाते, आणि उन्हाळ्यात तहानलेले मूल ती तोंडाला लावते. आमच्याकडे येणाऱ्या मोठ्यांपेक्षा अशी मुले लवकर बिघडतात. पेट्रोल आणावेच लागले तर कॅनमध्ये आणा, आणि घरात ठेवू नका.

एका गोष्टीचा निकाल मला स्वतःलाच लावता आलेला नाही. एक टन तांदळातून साधारण साडेचारशे लिटर इथेनॉल निघते. पस्तीस लिटरच्या टाकीत सात लिटर इथेनॉल. ते सगळे तांदळाचे असते तर पंधरा-सोळा किलो तांदूळ. रेशनवर एका माणसाला महिन्याला पाच किलो धान्य मिळते. प्रत्यक्षात सगळे इथेनॉल तांदळाचे नसते, मक्याचा वाटा आता सर्वात मोठा आहे, आणि अन्न महामंडळ इथेनॉलसाठी देते तो तांदूळ गोदामातला जादा साठा असतो, जो २०२५मध्ये किलोला साडेबावीस रुपयांनी दिला गेला. रेशनचा तांदूळ यामुळे कमी झाला असे मी म्हणत नाही. पण धानाच्या या जिल्ह्यात कुपोषित मुलाचे वजन करताना ते पंधरा किलो मला आठवतात. माझ्या गाडीत किती मिसळायचे हे मी ठरवत नाही, तरी आठवतात.

पैसे वाचवायचे तर टायरची हवा दर महिन्याला तपासा, पन्नास-साठच्या वेगाने एकसारखी चालवा, उभ्या गाडीचे इंजिन बंद करा. ई-२०ने गेलेल्या रकमेतले बरेच यातून परत येते.

पाचव्या दिवशी आमचा शेतकरी घरी गेला. एक्स-रेवर उजव्या फुप्फुसाच्या तळाशी थोडी छाया उरली होती, म्हणून पंधरा दिवसांनी पुन्हा बोलावले. तो आला, कारनेच. छाया गेली होती. टाकी कशी रिकामी केली, असे विचारल्यावर म्हणाला, "मेकॅनिकनं हातपंप लावला, सायेब. पयलेच लावायचा होता, पन त्याले पन्नास रुपये द्या लागत होते."