काटा पुन्हा वर सरकतो तेव्हा

लेखमाला : वजन आणि शस्त्रक्रिया, भाग 7

मागच्या आठवड्यात आपण वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतरचे पहिले सहा महिने पाहिले. पातळ आहार, मग मऊ भात, सैल होत जाणारे कपडे, मुठीमुठीने गळणारे केस. या काळाबद्दल सगळे भरभरून बोलतात, कारण तो सांगण्यासारखा असतो. काटा खाली येत असतो, ऑफिसात कुणीतरी विचारतं, "काय केलंस गं?", आधीचे आणि नंतरचे फोटो घरच्या ग्रुपवर फिरतात. आज बोलायचं आहे ते त्यानंतरच्या वर्षांबद्दल. तिसऱ्या, सातव्या, दहाव्या वर्षाचे फोटो सहसा कुणी टाकत नाही.

डॉक्टर मंडळी पहिल्या बारा ते अठरा महिन्यांना 'हनिमून पीरियड' म्हणतात. या काळात भूक खरोखरच मेलेली असते. स्लीव्ह या प्रकारच्या शस्त्रक्रियेत जठराचा 75 ते 80 टक्के भाग काढून टाकतात आणि भूक चाळवणारं घ्रेलिन हे संप्रेरक जिथे सर्वांत जास्त तयार होतं तो वरचा फुगीर भाग त्यातच जातो. बायपास या दुसऱ्या प्रकारात अन्न लहान आतड्याच्या पुढच्या भागात लवकर पोचतं आणि तिथून 'पोट भरलं' असा निरोप देणारी जीएलपी-1, पीवायवाय ही संप्रेरकं जास्त सुटतात. गंमत म्हणजे घ्रेलिनचा शोध लागला 1999 मध्ये, जपानमध्ये. अमेरिकेतल्या आयोवात एडवर्ड मेसन यांनी जठराचा बायपास सुरू केला तो 1966 मध्ये. म्हणजे तीसेक वर्षं ही शस्त्रक्रिया चालली ती 'पोट लहान केलं की माणूस कमी खातो' एवढ्या साध्या समजुतीवर.

हनिमून संपतो तो एका रात्रीत नाही. आधी एक पोळी जड जायची, आता दीड जाते. दुपारी चारला काहीतरी खावंसं वाटू लागतं. वजन घटलं की शरीर दिवसाला कमी ऊर्जा खर्च करतं, कारण आता तीस-चाळीस किलो कमी ओढायचे असतात, शिवाय चरबीबरोबर थोडे स्नायूही गेलेले असतात. वर शरीराची जुनी खोड आहेच. घटलेलं वजन त्याला दुष्काळासारखं वाटतं आणि ते भरून काढायच्या मागे ते लागतं. शस्त्रक्रिया ही खोड बरीच दाबते, पण पुरती मोडत नाही.

किती वजन परत येतं? स्वीडनमध्ये 1987 साली सुरू झालेल्या एका मोठ्या अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्या सुमारे दोन हजार लोकांकडे आणि शस्त्रक्रिया न झालेल्या तितक्याच लोकांकडे वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं गेलं. बायपास झालेल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी 32 टक्क्यांनी उतरलं. दहाव्या वर्षी ही घट 25 टक्के उरली होती आणि पंधराव्या वर्षी 27 टक्के. 120 किलोच्या माणसाला हा हिशेब लावू. तो 82 किलोपर्यंत खाली येतो आणि दहाव्या वर्षी 90 च्या आसपास असतो. याला तुम्ही काय म्हणाल? आठ किलो वाढले म्हणाल की तीस किलो गेलेले आहेत म्हणाल? मी दुसरं म्हणेन. शस्त्रक्रिया न झालेल्या गटाचं वजन या सगळ्या वर्षांत जवळपास होतं तिथेच राहिलं. आणि सरासरी अकरा वर्षांनंतर वय, लिंग, इतर धोके जमेस धरून पाहिलं, तर शस्त्रक्रिया झालेल्या गटात मृत्यूचा धोका सुमारे 29 टक्के कमी निघाला. थोडं वजन परत येऊनसुद्धा.

स्लीव्हचे आकडे जरा वेगळे आहेत. फिनलंडमध्ये 240 रुग्णांपैकी निम्म्यांवर स्लीव्ह आणि निम्म्यांवर बायपास करून दहा वर्षांनी तपासलं, तेव्हा वजनाच्या बाबतीत बायपास थोडा पुढे होता. पण मला महत्त्वाचा वाटला तो दुसरा निष्कर्ष. अन्ननलिकेला आतून सूज आलेले रुग्ण स्लीव्हच्या गटात 31 टक्के होते, बायपासच्या गटात 7 टक्के. त्यामुळे स्लीव्हनंतर छातीत जळजळ होत असेल, तर औषधाच्या दुकानातून गोळ्या आणून वर्षं ढकलू नका. दुर्बीण घालून तपासून घ्या.

आता स्वयंपाकघराकडे वळू, कारण खरी लढाई तिथेच आहे. शस्त्रक्रियेनंतर दिवसाला किमान 60 ग्रॅम प्रथिनं लागतात. आपल्या शाकाहारी ताटात ती मिळवणं सोपं नाही. वाटीभर वरणात पाच-सहा ग्रॅम, पोळीत तीन, वाटीभर दह्यात चार-पाच. आणि इथे वाटीभर जातंय कुणाला, अर्धी वाटी झाली की पोट भरतं. त्यामुळे क्रम बदलावा लागतो. आधी उसळ, पनीर, अंडं किंवा मासा, मग भाजी, आणि जागा उरली तर भात-पोळी. 50 ग्रॅम पनीरमध्ये साधारण नऊ ग्रॅम, एका अंड्यात सहा. सोयाबीनच्या वड्या स्वस्त आणि उत्तम. एवढं करूनही कमी पडत असेल, तर प्रोटीन पावडर हे जिमवाल्यांचं खूळ आहे हा समज सोडून ती घ्यावी. मूत्रपिंडाचा आजार असेल, तर मात्र डॉक्टरांना विचारूनच.

वजन परत येण्याची वाट बहुतेकदा पुरणपोळी-श्रीखंडातून जात नाही. बायपास झालेल्याने वाटीभर आमरस प्यायला, की अर्ध्या तासात छाती धडधडते, घाम फुटतो, पोटात कळा येतात, जुलाब होतात. याला डंपिंग म्हणतात. काहींना एक ते तीन तासांनी साखर खाली येऊन हातपाय थरथरतात. एकदा हा अनुभव घेतलेला माणूस गोडाच्या वाट्याला जपून जातो. खरा धोका आहे त्रास न देणाऱ्या पदार्थांचा. पोळीचा घास अडकतो, कोरडं चिकन अडकतं, उसळ चावून चावून जबडा दुखतो. पण चहात बुडवलेलं बिस्कीट अडकत नाही. शेव, चिवडा, वेफर्स, आइसक्रीम तोंडात विरघळतात आणि सरळ खाली जातात. पोट भरल्याचं कळतही नाही. मग जेवायला दोन घास आणि दिवसभर येता-जाता डब्यात हात, असा दिनक्रम बसतो. अशा माणसाला विचारलं तर तो शपथेवर सांगतो, "मी काहीच खात नाही." तो खोटं बोलत नसतो. जेवणाच्या ताटात तो खरंच काही खात नाही.

म्हणून दोन जुन्या सूचना दहाव्या वर्षीही तितक्याच लागू आहेत. जेवताना पाणी नको, जेवणानंतर अर्ध्या तासाने घोट घोट प्या. आणि जेवण वीस-तीस मिनिटं चालू द्या, म्हणजे अडकणारा घासही उतरतो आणि बिस्किटाकडे वळायची वेळ येत नाही.

उपवासाचं काय, असं एक वाचक विचारतात. साबुदाण्याची खिचडी म्हणजे पिष्ट आणि तेल, वर थोडं दाण्याचं कूट. प्रथिनं जवळपास नाहीतच. करायचाच असेल तर उपवास दूध, दही, ताक, पनीर, शेंगदाणे यांवर करा. हरतालिकेसारखा निर्जळी उपवास मात्र करू नये. लहान झालेल्या जठरात एका वेळी तांब्याभर पाणी मावत नाही, त्यामुळे दिवसभराची तूट रात्री भरून निघत नाही.

आणि पंगतीतला आग्रह! "एवढंसंच वाढून घेतलंस? आजारी आहेस का?" शस्त्रक्रिया झाल्याचं बरेच जण लपवतात, विशेषतः लग्नाआधी करून घेतलेल्या मुली. सासरी कळलं तर काय म्हणतील, ही भीती. चारचौघांत सांगू नका, हरकत नाही. पण घरात जो स्वयंपाक करतो आणि जो शेजारी बसून जेवतो, त्याला माहीत असलंच पाहिजे. लपवलं की गोळ्या लपवाव्या लागतात, आणि लपवलेल्या गोळ्या हळूहळू घ्यायच्या राहतात. वजन उतरल्यावर पाळी नियमित होते, गर्भधारणेची शक्यताही वाढते. पण पहिले बारा ते अठरा महिने मूल होऊ देऊ नये, आणि बायपासनंतर गर्भनिरोधक गोळ्यांवर पूर्ण भरवसा ठेवू नये. हे नवऱ्याला अंधारात ठेवून जमणार कसं?

नात्यांवरही परिणाम होतो. स्वीडनमध्येच दिसलं, की शस्त्रक्रियेनंतर एकट्या माणसांची लग्नं किंवा नवी नाती जुळण्याचं प्रमाण वाढलं आणि आधीपासून जोडीने राहणाऱ्यांचं वेगळं होण्याचंही. त्यावर मी भाष्य करणार नाही. दारूबद्दल मात्र स्पष्ट सांगते. बायपासनंतर दारू रक्तात वेगाने चढते, आणि अमेरिकेतल्या एका अभ्यासात दारूच्या व्यसनाच्या समस्या दुसऱ्या वर्षी वाढलेल्या आढळल्या, म्हणजे नेमक्या हनिमून संपताना. अन्नातून मिळणारा दिलासा गेला की माणूस दुसरीकडे तो शोधतो.

गोळ्यांचा कंटाळा येतो हे खरं. तब्येत छान आहे, मग कशाला, असं वाटतं. पण ब12 चा साठा यकृतात बराच काळ टिकतो, त्यामुळे त्याची कमतरता उशिरा उघडी पडते. तळपाय जळजळतात, मुंग्या येतात, विसरायला होतं, आणि मज्जातंतूंचं झालेलं नुकसान दर वेळी पूर्ण भरून येत नाही. शाकाहारी घरांत ब12 मुळातच तोकडं असतं. कॅल्शियमचं तर त्याहून फसवं. रक्तातलं कॅल्शियम चांगलं दिसतं, कारण शरीर ते हाडांमधून उपसत असतं. कॅल्शियमची आणि लोहाची गोळी एकत्र घेऊ नका, मध्ये दोन तास जाऊ द्या. लोहाची गोळी चहाबरोबर तर नकोच. बायपास झालेल्यांनी गुडघा दुखला म्हणून आपल्या मनाने ब्रुफेनसारखी वेदनाशामकं घेऊ नयेत, जठर आणि आतड्याच्या जोडाजवळ व्रण होतो. आणि उलट्या थांबत नसतील तर वाट पाहू नका. थायमिन संपलं की काही आठवड्यांत मेंदूवर परिणाम होतो, आणि हे तातडीचं काम आहे.

मग वजन वाढलंच तर? दोन-चार किलो वर जाणं हा अपेक्षित प्रवास आहे, त्यासाठी स्वतःला फटके मारू नका. काटा सतत वर सरकत असेल, मधुमेह किंवा रक्तदाब परतत असेल, तर मात्र तपासणी हवी. जठराचा आकार पाहता येतो, आहार पुन्हा मांडता येतो, वजनं उचलून गमावलेले स्नायू थोडेफार कमावता येतात. निवडक रुग्णांत शस्त्रक्रिया पुन्हा करतात, आणि आता औषधंही आहेत. टिर्झेपेटाइड आणि वजनासाठीचं सेमाग्लूटाइड 2025 मध्ये भारतात आलं. पण सेमाग्लूटाइड थांबवल्यावर वर्षभरात घटलेल्या वजनाचा दोन-तृतीयांश भाग परत आल्याचं दिसलं आहे, तेव्हा तेही एकदाच करून विसरण्यासारखं काम नाही.

अडचण अशी, की वजन वाढलेला रुग्णच दवाखान्यात येत नाही. "डॉक्टर काय म्हणतील, एवढा खर्च करून पुन्हा वाढवून आली." ही लाज रुग्णाची नाही, त्याला ती वाटायला लावणाऱ्या आपल्या सगळ्यांची आहे, आणि त्यात काही डॉक्टरही येतात. शस्त्रक्रियेला दोन वर्षं उलटून गेली असतील आणि शेवटची रक्ततपासणी कधी केली ते आठवत नसेल, तर या महिन्यात हिमोग्लोबिन, फेरिटिन, ब12, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम आणि पॅराथायरॉइड संप्रेरक तपासून घ्या आणि रिपोर्ट घेऊन आपल्या सर्जनकडे जा. काटा काहीही दाखवत असो.

(पुढच्या आठवड्यात : लोंबणारी त्वचा, तिची शस्त्रक्रिया आणि विमा कंपन्या)