समजून घ्या : कुस्तीत हात आखडता घेतला तर घड्याळ कसे हरवते?

बारामती आणि इंदापूर हे कुस्ती जाणणारे तालुके. महाराष्ट्र केसरीची स्पर्धा २००५ मध्ये इंदापूरला झाली आणि सईद चाऊस यांनी किताब जिंकला. पुढच्याच वर्षी, २००६ मध्ये, ती बारामतीत भरली आणि मानाची गदा अमोल बुचडे यांच्या खांद्यावर गेली. गावच्या यात्रेतली कुस्ती डोळ्यांनी कळते. पाठ लागली की निकाल, नाही लागली तर बरोबरी. मॅटवरच्या कुस्तीत मात्र कोणीही पडलेले नसताना अचानक फलकावर एक गुण चढतो आणि प्रेक्षक एकमेकांकडे पाहतात. हा गुण आला कुठून? तो दिला घड्याळाने.

एकूण वेळ किती?

फ्रीस्टाइल कुस्ती ६ मिनिटांची असते. ३ मिनिटांचे दोन डाव आणि मध्ये ३० सेकंदांची विश्रांती. दोन्ही डावांतील गुणांची बेरीज होते. दोन्ही खांदे एकाच वेळी मॅटला टेकवून क्षणभर तसेच दाबून धरले की चितपट. कुस्ती तिथेच संपते, मग फलकावर काहीही असो. १० गुणांची आघाडी मिळाली तरी कुस्ती थांबते. याला तांत्रिक गुणाधिक्य म्हणतात.

गुण कसे मिळतात?

• प्रतिस्पर्ध्याला मॅटच्या बाहेर ढकलले : १ गुण
• खालून सुटून उलट ताबा घेतला : १ गुण
• पट काढून, मागे जाऊन ताबा मिळवला : २ गुण
• खाली असलेल्याची पाठ मॅटकडे फिरवली (भारंदाज वगैरे) : २ गुण
• उभ्याने उचलून थेट पाठीवर टाकले : ४ गुण
• फेक उंच आणि मोठी असेल : ५ गुण

मग ‘३० सेकंद’ हा काय प्रकार?

नुसते हात धरून ठेवणे, मागे सरकत राहणे, डाव न टाकणे म्हणजे निष्क्रियता. पंच आधी तोंडी समज देतात. तरीही मल्ल खेळत नसेल, तर त्याच्या नावाने ३० सेकंदांचे घड्याळ लावले जाते. या वेळेत दोघांपैकी कोणीही गुण मिळवला तर विषय संपला. कोणालाच काही जमले नाही, तर ज्याच्या नावाने घड्याळ लागले त्याच्या प्रतिस्पर्ध्याला १ गुण. पहिल्या डावात २ मिनिटे होऊनही फलक ०-० असेल, तर पंचांना दोघांपैकी एकाला निष्क्रिय ठरवावेच लागते.

पळणाऱ्याला शिक्षा याहून कडक आहे. पकड चुकवून पळाले किंवा मुद्दाम मॅटबाहेर गेले तर ताकीद मिळते आणि समोरच्याला गुण जातो. तीन ताकिदी झाल्या की मल्ल बाद.

बरोबरी झाली तर?

मॅटवर बरोबरीत कुस्ती सुटत नाही. गुण समान असतील तर आधी मोठ्या किमतीचे डाव कोणाचे, ते पाहतात. तेही सारखे असतील तर ताकिदी कोणाच्या कमी, हे बघतात. तरीही फरक नसेल तर शेवटचा गुण ज्याचा, तो विजयी. म्हणून १-१ असताना शांत दिसणारा एक मल्ल प्रत्यक्षात हरत असतो, आणि ते त्याला ठाऊक असावे लागते.

विनेशने हे गणित कसे सोडवले?

पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ६ ऑगस्ट २०२४ रोजी विनेश फोगाट जपानच्या युई सुसाकीविरुद्ध ०-२ अशी मागे होती. सुसाकीने ते दोन्ही गुण कोणत्याही डावावर घेतले नव्हते. विनेशच्या निष्क्रियतेबद्दल एकेक करून ते मिळाले होते. शेवटच्या काही सेकंदांत विनेशने ताबा मिळवून २ गुण घेतले. फलक २-२. पण विनेशचा डाव एकाच वेळी २ गुणांचा होता आणि सुसाकीचे गुण सुटे, म्हणजे निकषावर विनेश पुढे गेली. जपानने दाद मागितली. ती फेटाळली गेली, आणि फेटाळलेल्या दादेचा गुण समोरच्याला जातो, म्हणून निकाल ३-२.

उलट टोकाचे उदाहरण टोकियोतले. २०२१ मध्ये उपांत्य लढतीत रवी दहिया एका टप्प्यावर २-९ असा मागे होता. त्याने प्रतिस्पर्ध्याला चितपट केले आणि मागची सगळी गुणसंख्या पुसली गेली.

हे नियम आले का?

पूर्वी २-२ मिनिटांच्या तीन फेऱ्या असत. फेरीत गुणच झाला नाही तर पिशवीतून रंगीत चेंडू काढून पकडीची संधी कोणाला, हे ठरे. म्हणजे निकालात नशिबाचा वाटा होता. फेब्रुवारी २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या कार्यकारी मंडळाने कुस्ती वगळण्याची शिफारस केली. जागतिक संघटनेने त्याच वर्षी नियम बदलले, ३-३ मिनिटांचे दोन डाव आणले, आणि सप्टेंबरमध्ये कुस्तीने ऑलिम्पिकमधली जागा परत मिळवली. आक्रमण करणाऱ्याला फळ आणि थांबणाऱ्याला दंड, हे सूत्र त्यातून पक्के झाले.

वाद मग का होतात?

कारण दंड माणूस देतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरीत शिवराज राक्षे याला चितपट ठरवल्यावर खांदे टेकलेच नव्हते, असा त्याचा आक्षेप होता. नंतर अंतिम लढतीत महेंद्र गायकवाडने निर्णय न पटल्याने वेळ संपण्याआधीच मैदान सोडले. पृथ्वीराज मोहोळ विजेता ठरला आणि दोघा मल्लांवर तीन वर्षांच्या बंदीची कारवाई झाली.

हे केवळ कुस्तीत घडत नाही. त्याआधी काही दिवस, जानेवारीत, ‘गो’ या पटावरच्या खेळाच्या एलजी कप अंतिम सामन्यात चीनच्या के जिएला दुसऱ्या डावात दोनदा दंड झाला. जिंकलेल्या सोंगट्या ठरलेल्या झाकणात ठेवल्या नाहीत, एवढेच कारण. तो डाव त्याने तिथेच गमावला. तिसऱ्या डावातही दंडावरून वाद झाला, त्याने पुढे खेळायला नकार दिला आणि विजेतेपद कोरियाच्या ब्योन सांग-इलकडे गेले.

मातीतल्या पोरांनी काय लक्षात ठेवावे?

यात्रेच्या मैदानात तगडा मल्ल समोर असला की दम धरून राहणे आणि बरोबरी साधणे यात कमीपणा नसतो. मॅटवर तीच सवय अंगाशी येते. वस्तादाने डावासोबत घड्याळही शिकवायला हवे. आपल्या नावाने ३० सेकंद सुरू झाले की पहिल्याच क्षणापासून पट मारायचा. गुण समान झाले की निकष कोणाच्या बाजूला आहे, हे कोपऱ्यातून ओरडून सांगायचे. दाद मागण्याआधी हरलेल्या दादेचा गुण परवडेल का, हे पाहायचे. वर्षभराची मेहनत आणि खुराक एका सुट्या गुणाने वाया जाऊ शकतो, आणि तो गुण वाचवायला ताकद लागत नाही, नियम माहीत असावा लागतो.