इवल्या पद्मिनीचा बंपर

मुंबईच्या शेवटच्या काळ्यापिवळ्या प्रीमिअर पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. खरी गाडी जवळजवळ चार मीटरची. १:४३ प्रमाणातल्या छोट्या मॉडेलमध्ये ती नऊ सेंटिमीटरची होते. त्या मॉडेलचा बंपर मोडला तर सुटा भाग मिळणार कुठे? तो घरीच साच्यात रेझिन ओतून करायचा. मुंबईच्या लोअर परळमध्ये ही साच्याची विद्या परकी नाही. शेजारी लालबाग-परळच्या गणपती कारखान्यांत रबरी साचेच वापरतात. रबर वाकतं, म्हणून सोंडेच्या वळणातूनही मूर्ती न दुखावता सुटते.

बंपरच्या साच्यासाठी सिलिकॉन रबर घ्यावं. शाबूत बंपर मातीत अर्धा दाबून त्यावर ते ओतायचं. मेख आहे ती मातीत! काही मॉडेलिंग क्लेमध्ये गंधक असतं. प्लॅटिनमच्या उत्प्रेरकाने घट्ट होणाऱ्या सिलिकॉनमध्ये ते उत्प्रेरकालाच अडवतं आणि रबर तिथे चिकट राहतं. माझा पहिला साचा असाच गेला. तेव्हापासून माती घेताना मी आधी गंधकाची चौकशी करते.

तयार साच्यात टाल्कम पावडरचा हलका हात फिरवा, रेझिन कोपऱ्यांत नीट शिरतं. ओतताना धार बारीक ठेवा, ताणल्या धारेत बुडबुडे फुटतात. मग रेझिन दुधाळ होतं, कप हाताला कोमट लागतो. थोड्या वेळाने साचा उलगडला, की साडेतीन सेंटिमीटरचा पांढराशुभ्र बंपर तळहातावर येतो.