लेबल झाकून ठेवणारी मंडळी

स्कॉच व्हिस्कीच्या धंद्याला १९८३ हे साल फार वाईट गेलं. मागणी वाढतच राहणार असं धरून सत्तरच्या दशकात भरमसाट माल काढला गेला होता. मग मंदी आली आणि गोदामांत पिंपांच्या थप्प्या पडून राहिल्या. त्या काळची सर्वांत मोठी कंपनी म्हणजे डिस्टिलर्स कंपनी लिमिटेड. तिने त्या एका वर्षात आपल्या अनेक डिस्टिलऱ्यांना कुलपं लावली. आयला बेटावरची पोर्ट एलन गेली, उत्तरेकडच्या किनाऱ्यावरची ब्रोरा गेली, बॅन्फ गेली. आणि त्याच वर्षी एडिंबरोच्या लीथ बंदरात, जाइल्स स्ट्रीटवरच्या वाइन व्यापाऱ्यांच्या एका जुन्या दगडी इमारतीत, व्हिस्की चाखणाऱ्या मित्रांनी आपली संस्था काढली. ‘स्कॉच मॉल्ट व्हिस्की सोसायटी’ हे तिचं नाव. २०२३ मध्ये तिने चाळिशी ओलांडली.

जगभरात आज व्हिस्की चाखणाऱ्यांची असंख्य मंडळं आहेत, मुंबई-पुण्यातही आहेत. त्यांतली बरीचशी, ठाऊक असो वा नसो, याच मंडळाच्या रीतीने चालतात. म्हणून या चाळीस वर्षांचा हिशेब मांडायचा तर सुरुवात लीथपासून करायला हवी.

मूळ कल्पना फिलिप ऊर्फ पिप हिल्स यांची. हे गृहस्थ एडिंबरोत करसल्लागार होते. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात उत्तर स्कॉटलंडमध्ये फिरताना त्यांना थेट पिंपातून काढलेली व्हिस्की चाखायला मिळाली, आणि दुकानातल्या बाटलीत जे मिळतं ते अर्धमुर्धं आहे हे त्यांच्या ध्यानात आलं. १९७८ मध्ये त्यांनी मित्रांकडून वर्गणी काढली, स्पेसाइडमधल्या ग्लेनफार्क्लस डिस्टिलरीकडून एक पिंप विकत घेतलं आणि आपल्या जुन्या लगोंडा गाडीत घालून घरी आणलं. ग्लेनफार्क्लस १८६५ पासून ग्रँट कुटुंबाच्या मालकीची आहे, आजही. मोठ्या कंपनीने असा किरकोळ सौदा बहुधा केला नसता. घरच्या धंद्यात मालकाशी समोरासमोर बोलता येतं. मित्रांनी ते पिंप वाटून घेतलं. मित्रांचे मित्र विचारू लागले, दुसरं पिंप आलं, मग तिसरं. वर्गणीदार इतके वाढले की संस्था काढण्यावाचून गत्यंतर उरलं नाही.

त्या पिंपात असं काय वेगळं होतं? त्या काळी जगात विकली जाणारी बहुतेक सगळी स्कॉच ‘ब्लेंड’ असे, म्हणजे अनेक डिस्टिलऱ्यांचं मॉल्ट आणि इतर धान्यांची व्हिस्की यांचं मिश्रण. ग्लेनफिडिकने १९६३ पासून सिंगल मॉल्ट, म्हणजे एकाच डिस्टिलरीचं मॉल्ट, परदेशी बाजारात नेटाने मांडायला सुरुवात केली होती, तरी तो प्रवाह बारीकच होता. शिवाय बाटलीत भरण्याआधी व्हिस्कीवर तीन संस्कार होत. पाणी घालून ती ४० टक्क्यांवर आणायची. रंग सगळीकडे एकसारखा दिसावा म्हणून जळक्या साखरेचा रंग घालायचा. आणि बर्फ टाकल्यावर पेला गढूळ दिसू नये म्हणून ती शून्य अंशाच्या आसपास गार करून गाळून घ्यायची. या शेवटच्या संस्काराचं नुकसान मला सर्वांत मोठं वाटतं, कारण गाळताना जे जातं त्यात तेलकट, जिभेवर रेंगाळणारे घटक असतात. दिसण्यासाठी चव खर्ची पडते. हिल्स यांच्या मंडळींनी यातलं काहीच केलं नाही. एका पिंपातला माल, आहे त्या जोराचा, बाटलीत. पंचावन्न-साठ टक्के मद्यार्क असला तर असला. आज ‘कास्क स्ट्रेंग्थ’ ही अक्षरं विमानतळावरच्या दुकानातही दिसतात. तेव्हा ते धाडस होतं.

पिंपाचं महत्त्व आपल्याकडे अजून पुरेसं ध्यानात आलेलं नाही. डिस्टिलरीतून निघणारा अर्क पाण्यासारखा रंगहीन असतो. त्याला रंग येतो तो ओकच्या लाकडातून, आणि चवीचाही फार मोठा वाटा तिथूनच येतो. व्हॅनिलाचा वास देणारं व्हॅनिलिन लाकडातलं, ओल्या खोबऱ्याची आठवण देणारं लॅक्टोनही लाकडातलं. आधी अमेरिकन बर्बन मुरलेलं सुमारे २०० लिटरचं पिंप आणि आधी स्पॅनिश शेरी भरलेलं ५०० लिटरचं पिंप, यांत एकच अर्क एकाच दिवशी भरला तरी दहा वर्षांनी दोन वेगळ्या व्हिस्क्या हाती येतात. एवढंच कशाला, एकाच जातीची दोन पिंपं शेजारी ठेवली तरी ती सारखी निघत नाहीत. पिंप संपलं की ती चव जगातून संपली. सोसायटीच्या सभासदांना एकेका पिंपाची ओढ लागली ती यामुळे.

आता त्यांची खरी कल्पक रीत. डिस्टिलऱ्या पिंप विकायला तयार होत्या, नाव वापरू द्यायला नव्हत्या. पाणी न घातलेली, गाळलेली नसलेली व्हिस्की आपल्या नावावर बाजारात फिरावी हे त्यांना नको होतं. मग सोसायटीने नाव छापणंच सोडलं आणि आकडे दिले. आधी डिस्टिलरीचा क्रमांक, मग टिंब, मग त्या डिस्टिलरीचं कितवं पिंप ते. पहिली बाटली १.१, अर्थात ग्लेनफार्क्लस. ३ म्हणजे बोमोर, २७ म्हणजे स्प्रिंगबँक, २९ म्हणजे लॅफ्रॉइग, ३३ म्हणजे आर्डबेग. जुन्या सभासदांना हे आकडे तोंडपाठ असतात. त्याच यादीत ४३ ला पोर्ट एलन आहे आणि ६१ ला ब्रोरा. संस्था स्थापन झाली त्याच वर्षी बंद पडलेल्या या दोन ठिकाणचा माल सभासद पुढे कित्येक वर्षं चाखत राहिले, कारण पिंपं शिल्लक होती. त्या व्हिस्कीची कीर्ती पुढे इतकी झाली की ब्रोरा २०२१ मध्ये आणि पोर्ट एलन २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाली. ज्या मालाला १९८३ मध्ये गिऱ्हाईक नव्हतं, त्याचं मोल पिंपं जपून ठेवणाऱ्यांनी आणि नेटाने चाखणाऱ्यांनी ओळखलं. चाखणाऱ्या मंडळांनी व्हिस्कीसाठी काय केलं, असं कुणी विचारलं तर मी या दोन नावांकडे बोट दाखवीन.

अडचणीतून निघालेल्या या आकड्यांनी आणखी एक काम केलं. नाव दिसलं की जीभ आधीच निकाल देऊन मोकळी होते. महागडं नाव असेल तर चांगलं लागतं, वय अठरा वर्षं लिहिलेलं असेल तर आणखी चांगलं लागतं. आकडा असला की चाखावंच लागतं. सोसायटीत प्रत्येक पिंपाचा नमुना आधी परीक्षकांच्या मंडळापुढे जातो. त्यांनी पसंत केला तरच तो बाटलीत भरला जातो. वास आणि चवीची टिपणंही त्यांचीच, आणि ती मोकळ्या मनाने लिहिलेली. मालाची जाहिरात करण्यापेक्षा त्या पेल्यातून आपल्याला काय आठवलं ते सांगण्याकडे त्यांचा ओढा असतो. व्हिस्कीवरच्या लिखाणाला हा सूर देण्यात या परीक्षकांचा वाटा मोठा आहे.

चाखण्याची पद्धत सांगायला हवी, कारण आपल्या बैठकीच्या सवयी नेमक्या तिच्या उलट्या आहेत. आपल्याकडे लार्ज पेग, वर सोडा, बर्फाचे खडे आणि समोर तिखट चकणा. मसाला शेंगदाण्यांनी जीभ पेटली की पुढे काय कळणार? चाखताना पेला घ्यायचा तो ट्युलिपच्या आकाराचा, खाली फुगीर आणि तोंडाशी निमुळता. ग्लेनकेर्न नावाचा हा पेला २००१ मध्ये बाजारात आला आणि सगळीकडे रुळला. ओतायची पंधरा मिलिलिटर. आधी नुसता वास, तोही नाक पेल्यात न खुपसता. मग एक थेंबभर घोट, तोंडभर फिरवून. मग थोडं पाणी, आणि पुन्हा पहिल्यापासून. पाण्याने चव का खुलते यावर स्वीडनच्या लिनियस विद्यापीठातल्या ब्यॉर्न कार्लसन आणि रान फ्रिडमन यांनी २०१७ मध्ये शोधनिबंध प्रसिद्ध केला. धुरकट वासाचा ग्वायकोल हा घटक जास्त मद्यार्कात आत दडून राहतो आणि पाणी घालून जोर कमी केला की पृष्ठभागाकडे येतो, असं त्यांच्या संगणकीय गणितातून दिसलं. जुने जाणकार अनुभवाने जे करत होते त्याला अशी पुष्टी मिळाली.

हिशेबही पाहा. साठ टक्क्यांच्या व्हिस्कीचे पंधरा-पंधरा मिलिलिटरचे तीन पेले म्हणजे २७ मिलिलिटर मद्यार्क. आपल्याकडच्या ४२.८ टक्क्यांच्या बाटलीतला साठचा एक लार्ज म्हणजे साधारण २६. अख्ख्या संध्याकाळचं चाखणं जेमतेम एका लार्जच्या बरोबरीचं. दारू शरीराला अपायच करते, यात मला संशय नाही. म्हणून जे घेतात त्यांनी कमी आणि लक्ष देऊन घ्यावी, हे मी मनापासून सांगतो.

सोसायटीच्या वाढीचा भाग थोडक्यात उरकतो, कारण तो बहुतांशी व्यवहाराचा आहे. देशोदेशी शाखा निघाल्या. नव्वदच्या दशकात हिल्स बाहेर पडले. २००४ मध्ये ग्लेनमोरांजी कंपनीने सोसायटी विकत घेतली, २०१५ मध्ये ती खासगी गुंतवणूकदारांकडे गेली आणि २०२१ मध्ये तिची मालक कंपनी लंडनच्या शेअर बाजारात उतरली. वर्गणी काढून पिंप वाटून घेणारे मित्र हळूहळू गिऱ्हाईक झाले. मला हे खटकतं. बाटल्यांचे दर चढले, नव्या बाटल्या सतत येऊ लागल्या आणि प्रत्येक पिंप तितकंच जपून निवडलेलं असेल का, अशी शंका येते. तरीही आकडे टिकले, परीक्षकांचं मंडळ टिकलं, आणि एका बाटलीत एकाच पिंपाचा माल हा नियम बहुतांशी टिकला.

आणि स्कॉटलंडबाहेरच्या डिस्टिलऱ्यांनाही दारं उघडली गेली. जपानच्या योइचीला ११६ क्रमांक मिळाला. पुढे १३४ क्रमांक लागला तो गोव्यातल्या कुंकळ्ळीच्या पॉल जॉनला. सहा ओळींचं भारतीय सातू, त्यातल्या धुरकट मालासाठी स्कॉटलंडहून आणलेलं पीट आणि कोकणपट्टीची दमट उष्णता यांतून ही व्हिस्की होते. स्कॉटलंडमध्ये पिंपातून वर्षाला साधारण दोन टक्के माल उडून जातो; गोव्यात ते प्रमाण त्याच्या कितीतरी पट, बंगळुरूत तर दहा टक्क्यांच्याही वर. म्हणून आपल्याकडे पाच-सहा वर्षांत पिंप पिकतं आणि फार काळ ठेवलं तर रिकामं होतं. वय मोठं तितकी व्हिस्की थोर, ही समजूत या उष्णतेने खोटी पाडली.

लेबल झाकण्याने भारताचं काय भलं केलं ते बंगळुरूच्या ‘अमृत’च्या कहाणीत दिसतं. १९४८ मध्ये जगदाळे कुटुंबाने काढलेली ही कंपनी. तिचं सिंगल मॉल्ट २००४ मध्ये थेट ग्लासगोत बाजारात आलं. त्याआधी तिथल्या ‘पॉट स्टिल’ या जाणत्या पबमध्ये ते नाव न सांगता गिऱ्हाइकांपुढे ठेवलं गेलं आणि चाखणाऱ्यांना ते स्पेसाइडचं वाटलं. ‘मेड इन इंडिया’ आधी वाचलं असतं तर किती जणांनी पेला उचलला असता? पुढे व्हिस्की समीक्षक जिम मरी यांच्या २०१० च्या ‘व्हिस्की बायबल’मध्ये ‘अमृत फ्यूजन’ जगात तिसरी आली, आणि मगच आपल्या शहरांतल्या दुकानदारांनी तिला दर्शनी फळीवर जागा दिली.

महाराष्ट्रातली चाखणारी मंडळं याच सुमारास वाढली. त्यांची वाट सोपी नव्हती. पंचवीस वर्षांच्या वयाची आणि परवान्याची अट, आयातीवर १५० टक्के सीमाशुल्क, त्यावर राज्याचं उत्पादन शुल्क. परदेशाहून येणाऱ्या नातेवाइकाच्या बॅगेतल्या दोन लिटरवर कित्येक गटांची वर्षं गेली. २०२१ मध्ये राज्याने आयात स्कॉचवरचं शुल्क उत्पादनखर्चाच्या ३०० टक्क्यांवरून १५० वर आणलं. जुलै २०२५ मध्ये झालेल्या भारत-ब्रिटन करारात सीमाशुल्क आधी ७५ आणि दहा वर्षांत ४० टक्क्यांवर आणायचं ठरलं आहे. बाटल्यांची चणचण त्यामुळे कमी होईल.

चणचण उरेल ती टिपणांची. आमच्या गटात मी पाहतो, एरवी मराठीत बोलणारी माणसं पेला हातात आला की ख्रिसमस केक, हेदर आणि टॉफी असं लिहू लागतात. हेदरचं फूल त्यांतल्या कुणीच हुंगलेलं नाही. त्यांच्या नाकाला ठाऊक आहेत ती पिकलेली वेलची केळी, फणसाचे गरे, काकवी, आमसूल, जायफळ, जुन्या लाकडी कपाटातला डांबरगोळ्यांचा वास, बंदरावरचं सुकट. जुन्या सभासदांच्या वह्या चाळल्या तर इंग्रजीतली पानं एकसारखी निघतात, आणि कुणी चुकून मराठीत लिहिलेली ओळ वाचली की तो पेला पुन्हा नाकाशी आल्यासारखा वाटतो.

तुमचा असा गट असेल तर पुढच्या बैठकीला बाटल्यांना कागद गुंडाळा, त्यांवर नुसते आकडे घाला, चकणा शेवटी मागवा. वही एकच ठेवा, सगळ्यांनी त्यातच लिहा, आणि मराठीत लिहा.