पर्यटक व्हिसावरून वैवाहिक दर्जाकडे : मधल्या काळातील रोजगाराचा प्रश्न

प्रस्तावना

परदेशातील नोकरीविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु नोकरी करणाऱ्या व्यक्तीच्या पाठोपाठ जाणाऱ्या जोडीदाराच्या कायदेशीर स्थितीकडे त्या मानाने कमी लक्ष दिले गेले आहे. उच्चशिक्षित पत्नी, क्वचित पती, प्रथम पर्यटक म्हणून परदेशात पोहोचते, तेथेच राहून वैवाहिक नात्याच्या आधारे दर्जा बदलण्याचा अर्ज करते आणि त्या अर्जाचा निर्णय होईपर्यंत काही महिने, कधी त्याहूनही अधिक काळ, दोन दर्जांच्या मध्ये राहते. या काळात काम करता येते का, आणि परवानगीवाचून काम केल्यास पुढील अर्जावर त्याचा काय परिणाम होतो, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. अमेरिका व ऑस्ट्रेलिया या दोन देशांतील तरतुदींचा येथे काहीसा विस्ताराने विचार केला असून ब्रिटन व कॅनडा यांचा उल्लेख तुलनेपुरता केला आहे.

आरंभीच एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. व्हिसा म्हणजे देशाच्या दारापर्यंत येण्याची अनुमती होय. दारातून आत आल्यावर प्राप्त होतो तो दर्जा. अमेरिकेच्या पासपोर्टवरील पर्यटक व्हिसा दहा वर्षांचा असला, तरी प्रत्येक भेटीत किती दिवस राहता येईल हे प्रवेशाच्या वेळी आय-९४ या नोंदीवर ठरते आणि तो काळ सामान्यतः सहा महिन्यांचा असतो. 'व्हिसा अजून आठ वर्षे शिल्लक आहे' हे विधान म्हणूनच वास्तव्याच्या संदर्भात निरर्थक ठरते. दर्जाबदलाच्या प्रकरणांत होणाऱ्या गफलतींपैकी बऱ्याच या एका भेदाच्या अज्ञानातून उद्भवतात.

अमेरिका : कोणाची पत्नी, हा निर्णायक प्रश्न

अमेरिकेचा स्थलांतरविषयक मूळ कायदा १९५२ चा आहे. त्याच्या कलम २४५ अन्वये, तपासणी होऊन रीतसर प्रवेश मिळालेल्या व्यक्तीला देश न सोडता कायम वास्तव्याचा, म्हणजे ग्रीन कार्डचा, अर्ज करता येतो. मात्र त्याच कलमाच्या 'सी' उपकलमात अपात्रतेची कारणे दिली आहेत. विनापरवाना नोकरी आणि मुदतीबाहेर वास्तव्य ही त्यांतील दोन प्रमुख कारणे होत. यास असलेला अपवाद महत्त्वाचा आहे. अमेरिकी नागरिकाचा जोडीदार हा कायद्याच्या भाषेत 'निकटतम नातेवाईक' असतो आणि त्याला ही दोन कारणे लागू होत नाहीत. पती केवळ ग्रीन कार्डधारक असेल तर पत्नी या वर्गात बसत नाही. तिच्या बाबतीत एका दिवसाची विनापरवाना नोकरीही अर्जाच्या मुळावर येऊ शकते. शेजारी राहणाऱ्या दोन मराठी कुटुंबांतील दोघी एकाच दिवशी, एकाच व्हिसावर आलेल्या असतील आणि दोघींनीही एकाच दुकानात महिनाभर काम केलेले असेल, तरी कायदा एकीला क्षमा करील व दुसरीला करणार नाही. शेजारणीच्या अनुभवावर विसंबून निर्णय घेणे या विषयात किती धोक्याचे आहे, हे यावरून ध्यानात यावे.

येथे 'क्षमा' या शब्दाचा अर्थ मर्यादित आहे. नागरिकाच्या पत्नीने केलेली विनापरवाना नोकरी कायदेशीर ठरत नाही. ती केवळ अर्जाच्या आड येत नाही, इतकेच. शिवाय कायम वास्तव्य देणे हा अधिकाऱ्याच्या विवेकाधीन निर्णय आहे आणि अर्ज प्रलंबित असणे म्हणजे हद्दपारीच्या कारवाईपासून संरक्षण नव्हे. आय-४८५ या अर्जात पूर्वी विनापरवाना काम केले आहे काय, असा सरळ प्रश्न विचारलेला असतो. त्याचे खरे उत्तर नागरिकाच्या पत्नीला फारसे बाधक नसते. खोटे उत्तर मात्र महत्त्वाच्या बाबीत फसवणूक ठरते आणि त्यातून उद्भवणारी अपात्रता आजन्म असते. ती विशेष माफीखेरीज दूर होत नाही. म्हणजे मूळ कृत्य क्षम्य असताना ते लपविण्याचा प्रयत्न अधिक अनर्थकारक ठरतो.

याहूनही गंभीर अशी एक तरतूद सर्वसाधारण वाचकाला अपरिचित असते. १९८६ च्या कायद्याने मालकांवर प्रत्येक नव्या कर्मचाऱ्याची पात्रता तपासण्याचे बंधन घातले. त्यासाठी आय-९ हा नमुना भरावा लागतो आणि त्यात 'मी अमेरिकी नागरिक आहे' असा एक रकाना असतो. किराणा दुकानात वा उपाहारगृहात तात्पुरते काम मिळावे म्हणून घाईने या रकान्यात खूण करणारी व्यक्ती नागरिकत्वाचा खोटा दावा करीत असते. १९९६ च्या सुधारणेनंतर अशा दाव्यामुळे येणारी अपात्रता कायमची असून स्थलांतरितांसाठी तिला जवळजवळ माफीच नाही. पती नागरिक असल्याचा आधारही येथे उपयोगी पडत नाही. विनापरवाना काम आणि त्या कामासाठी भरलेला कागद यांची कायद्याच्या तराजूतील वजने अशी भिन्न आहेत.

मग कायदेशीर मार्ग कोणता? कायम वास्तव्याच्या अर्जासोबत आय-७६५ हा रोजगार-परवान्याचा अर्ज करता येतो. परवाना हाती येईपर्यंत काम करता येत नाही. अर्जाची पावती म्हणजे परवाना नव्हे. याच काळात परदेशप्रवास करावयाचा झाल्यास 'अॅडव्हान्स पॅरोल' नावाची आगाऊ परवानगी घ्यावी लागते. ती न घेता पर्यटक म्हणून आलेली अर्जदार भारतात आली, तर अर्ज सोडून दिला असे मानले जाते. आजारी आईवडिलांना भेटण्यासाठी तातडीने निघालेल्या व्यक्तीला याचा फटका बसतो. मुदतीबाहेरचे वास्तव्य १८० दिवसांहून अधिक झालेले असल्यास देश सोडताच तीन वर्षांची आणि एक वर्ष वा अधिक झालेले असल्यास दहा वर्षांची प्रवेशबंदी लागू होते. ज्या वास्तव्याकडे देशात असताना कायदा काणाडोळा करतो, तेच देश सोडताच बंदीचे कारण बनते.

आणखी एक मुद्दा हेतूचा. पर्यटक व्हिसा मागताना अर्जदाराला आपण परत जाणार आहोत हे पटवून द्यावे लागते. सप्टेंबर २०१७ मध्ये परराष्ट्र खात्याने आपल्या मार्गदर्शिकेत ९० दिवसांचा निकष आणला. प्रवेशानंतर ९० दिवसांच्या आत पर्यटकाने विनापरवाना नोकरी धरली अथवा विवाह करून तेथेच ठाण मांडले, तर व्हिसा मागताना खोटा हेतू सांगितला होता असे गृहीत धरता येते. हे गृहीतक खोडून काढता येते आणि देशांतर्गत स्थलांतर खात्यावर ते बंधनकारक नाही. तथापि ९१ व्या दिवशी सर्व काही निर्धोक होते, ही प्रचलित समजूत मात्र निराधार आहे.

महाराष्ट्रातून जाणाऱ्या कितीतरी जोडप्यांत पती नागरिक नसून एच-१बी कर्मचारी असतो. पर्यटक म्हणून गेलेल्या पत्नीला आय-५३९ या अर्जाने एच-४ दर्जा मागता येतो. पण तो अर्ज प्रलंबित असताना कामाचा हक्क नसतो आणि मंजूर झाल्यावरही तो आपोआप मिळत नाही. २६ मे २०१५ पासून लागू झालेल्या नियमानुसार, पतीची आय-१४० ही स्थलांतर-याचिका मंजूर झालेली असेल अथवा त्याला सहा वर्षांपलीकडे मुदतवाढ मिळालेली असेल, तरच पत्नीला रोजगार-परवाना मागता येतो. याउलट कंपनीअंतर्गत बदलीवर आलेल्या एल-१ कर्मचाऱ्याच्या जोडीदाराला नोव्हेंबर २०२१ पासून दर्जाबरोबरच कामाचा हक्क प्राप्त होतो. एकाच कंपनीतील दोन सहकाऱ्यांच्या पत्नींपैकी एकीने अध्यापन सुरू करावे आणि दुसरीने पदव्युत्तर पदवी कपाटात ठेवून वर्षे मोजावीत, ही विषमता या दोन अक्षरांतून निर्माण झाली आहे.

ऑस्ट्रेलिया : हाती असूनही लागू नसलेला परवाना

ऑस्ट्रेलियात पर्यटकाला मिळणाऱ्या ६०० क्रमांकाच्या व्हिसावर ८१०१ ही अट असते : काम करावयाचे नाही. कामाची तेथील व्याख्या व्यापक आहे. ज्या कृतीबद्दल ऑस्ट्रेलियात सर्वसाधारणपणे मोबदला मिळतो ती कृती म्हणजे काम. प्रत्यक्ष मोबदला मिळाला की नाही, हा प्रश्न गौण ठरतो. नातेवाइकाच्या दुकानात 'घरचेच आहे' म्हणून विनावेतन गल्ल्यावर बसणे हेही त्या व्याख्येत येऊ शकते. कित्येक पर्यटक व्हिसांवर ८५०३ ही दुसरी अट असते. ती असल्यास, माफी मिळाल्याखेरीज, देशात राहून वैवाहिक व्हिसाचा अर्जच करता येत नाही.

ही अट नसेल तर पती-पत्नी ८२० व ८०१ या जोड-व्हिसाचा अर्ज देशातच करू शकतात. अर्ज वैध ठरताच अर्जदाराला 'ब्रिजिंग व्हिसा ए' मिळतो आणि त्यावर कामाचे बंधन नसते. गोंधळ होतो तो येथेच. समजा, एखाद्या विवाहितेचा पर्यटक व्हिसा ३१ मेपर्यंत आहे आणि तिने १ एप्रिलला अर्ज केला. काही दिवसांतच ब्रिजिंग व्हिसाचे पत्र येते. पत्रात कामावर निर्बंध नसल्याचे वाचून ती नोकरी स्वीकारते. परंतु हा व्हिसा मंजूर झाला असला तरी अंमलात आलेला नसतो; मूळ व्हिसा संपेपर्यंत तो सुप्त राहतो. ३१ मेपर्यंत ती कायद्याच्या दृष्टीने पर्यटकच असते व ८१०१ ची अट तिला पूर्णपणे लागू असते.

या दोन महिन्यांत काम केल्याबद्दल पर्यटक व्हिसा रद्द होऊ शकतो आणि तो रद्द झाल्यास त्याच्या आधारे मिळालेला ब्रिजिंग व्हिसाही संपुष्टात येतो. म्हणून मूळ व्हिसा स्वतःहून लवकर रद्द करून घेण्याची क्लृप्तीही आत्मघातकी ठरते. थांबणे हाच येथे उपाय आहे. ब्रिजिंग व्हिसा ए अंमलात असताना देश सोडल्यास तो संपतो. परत येण्यासाठी जाण्यापूर्वीच 'बी' प्रकार घ्यावा लागतो.

ब्रिटन व कॅनडा

ब्रिटनमध्ये प्रश्नाचे स्वरूपच वेगळे आहे. जुलै २०१२ पासूनच्या कौटुंबिक नियमांनुसार पर्यटक म्हणून आलेल्या व्यक्तीला देशात राहून वैवाहिक दर्जा मागता येत नाही. अगदी अपवादात्मक मानवी हक्काच्या प्रकरणांखेरीज भारतात परतूनच अर्ज करावा लागतो. तेथे विवाह करण्यापुरता मिळणारा 'मॅरेज व्हिजिटर' व्हिसाही यास अपवाद नाही. वाग्दत्त म्हणून सहा महिन्यांसाठी गेलेल्यांना दर्जा बदलता येतो, परंतु त्या काळात काम करता येत नाही. ३१ जानेवारी २०२४ पासून पर्यटकांना आपल्या परदेशातील नोकरीचे काम दूरस्थ पद्धतीने करण्यास मुभा मिळाली आहे, मात्र भेटीचा मुख्य हेतू तो नसावा.

कॅनडाचे धोरण त्या मानाने उदार आहे. देशात एकत्र राहणाऱ्या जोडीदारांसाठी स्वतंत्र वर्ग असून अर्जासोबत खुला रोजगार-परवाना मागण्याची सोय डिसेंबर २०१४ मधील प्रायोगिक योजनेतून सुरू झाली. एक सूक्ष्म गोष्ट येथेही आहे. मुदतवाढीचा अर्ज वेळेत केल्यास जुना दर्जा टिकून राहतो. पण जुना दर्जा पर्यटकाचा असेल तर टिकतो तोही पर्यटकाचाच. परवाना हाती येईपर्यंत काम नाही.

विवाहाचा दाखला आणि भारतीय कायदा

वरील सर्व मार्गांचा पाया म्हणजे वैध विवाह. अमेरिकेत विवाहाची वैधता सामान्यतः तो जेथे झाला तेथील कायद्यानुसार ठरते. महाराष्ट्रात अलीकडे रूढ झालेली एक पद्धत या संदर्भात तपासून पाहण्यासारखी आहे. व्हिसासाठी आधी 'रजिस्टर' करून घ्यायचे व विधी पुढे सवडीने, हॉल मिळेल तेव्हा, करायचे. एप्रिल २०२४ मधील एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने नेमक्या याच प्रथेची दखल घेतली. हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम ७ प्रमाणे विधी झालेले नसतील, तर कलम ८ खालील नोंदणीने विवाह अस्तित्वात येत नाही, असे न्यायालयाने सांगितले. परदेशी व्हिसाच्या अर्जासाठी अशी आगाऊ नोंदणी केली जाते, याचाही निकालात उल्लेख आहे. दाखला मार्च महिन्याचा आणि लग्नपत्रिका व छायाचित्रे डिसेंबरची, अशी कागदपत्रे एकाच अर्जाला जोडली गेल्यास अधिकाऱ्यासमोर दोन तारखांचा प्रश्न उभा राहतो आणि मधल्या नऊ महिन्यांत 'पत्नी' या नात्याने मिळविलेला दर्जा संशयास्पद ठरतो.

विशेष विवाह कायदा, १९५४ चा मार्ग निराळा आहे. तेथे विवाह अधिकाऱ्यासमोर होणारा विवाह स्वयंपूर्ण असतो, त्याला धार्मिक विधीची आवश्यकता नसते. मात्र नियोजित विवाहाची ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते आणि दोघांपैकी एकाचे त्या जिल्ह्यात नोटिशीपूर्वी किमान ३० दिवस वास्तव्य असावे लागते. मुलगी तेथेच राहत असल्याने वास्तव्याची अट बहुधा पूर्ण होते; परदेशातून आलेल्या मुलाची रजा मात्र बऱ्याचदा नोटिशीच्या मुदतीपेक्षा कमी असते.