आधी बुलबुल, मग आपण!

शनिवारची सकाळ. आठवडाभर टार्गेट, डेडलाइन आणि कर्वे रोडचं ट्रॅफिक झेलून तुम्ही चहाचा मग घेऊन टेरेसवर येता. पिंपात लावलेल्या अंजिराचं पहिलंवहिलं फळ काल छान जांभळट झालं होतं. 'उद्या तोडू' म्हणून ठेवलं आणि आज बघता तर देठाला नुसती साल! समोर कठड्यावर लालबुड्या बुलबुल चोच पुसतोय. मूड ऑफ!

अंजीर म्हणजे पुणेकरांचं घरचंच फळ. सासवड, दिवे भागातल्या पुरंदरच्या अंजिराला २०१६ मध्ये जीआय मानांकनही मिळालं. पण फळ पिकल्याची बातमी आपल्याआधी पक्ष्यांना लागते. बुलबुल, तांबट, कोकीळ सगळेच खवय्ये. पोपट तर कच्चा पेरूही कुरतडून टाकतो.

शेतात राखणदार माळ्यावर बसून गोफण फिरवायचे. आपण टेरेसवर जुन्या सीडी लटकवतो. दोन-चार दिवस पक्षी बिचकतात, मग सरावतात. बुजगावण्याचंही तेच. ते रोज जागा बदलत असेल तरच थोडाफार उपयोग.

मग जाळी? मागच्या उन्हाळ्यात मीही घाईघाईत एक पातळ नायलॉनची जाळी झाडावर टाकून ऑफिसला पळाले. संध्याकाळी येऊन बघते, तर पायात धागे अडकून एक बुलबुल उलटा लटकलेला! शेजारच्या काकूंनी त्याला अलगद टॉवेलमध्ये धरलं आणि मी नेलकटरने एकेक धागा कापला. बराच वेळ तो कठड्यावर धापा टाकत बसला, मग उडाला. एका अंजिरापायी केवढं हे!

तेव्हापासून आमच्याकडे नियम ठरलेत. तुम्हीही ट्राय करा:

* जाळी जाड धाग्याची, बारीक भोकांची आणि बांबूच्या चौकटीवर ताणून बांधलेली हवी. सैल जाळी नकोच. दिवसातून एकदा तरी नजर टाका.

* सगळं झाड झाकण्यापेक्षा एकेका फळाला मलमलची किंवा कागदी पिशवी बांधा. पेरूचं फळमाशीपासूनही रक्षण होतं.

* पेरू, चिकू, आंबा तयार झाले की तोडून घरात पिकवा. अंजीर आणि डाळिंब मात्र झाडावरच पिकू द्यावं लागतं, म्हणून पिशवीचा पहिला मान त्यांचा.

* मातीच्या पसरट भांड्यात रोज ताजं पाणी ठेवा. उन्हाळ्यात रसाळ फळावर चोच मारण्यामागे तहानही असते.

आणि हो, वैतागून पोपट पकडायचा विचारही करू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तो गुन्हा आहे!

यंदा आमच्या झाडाला चौदा अंजिरं लागली. अकरा आम्हाला मिळाली, त्यातली दोन काकूंकडे गेली. वरच्या फांदीवरच्या तिनांना मी पिशवी बांधलीच नाही. बुलबुल पिल्लांना भरवायला झाडावरचे किडे टिपतो, त्याचा पगार नको द्यायला?