टाचदुखी आणि भौतिकोपचार

श्रावणातील अखेरच्या सोमवारी पूर्णा नदीचे पाणी कावडीने आणून अकोल्याच्या राजराजेश्वराला जलाभिषेक करण्याची प्रथा आहे. गांधीग्रामपासूनचे सुमारे १८ किलोमीटरचे अंतर शिवभक्त अनवाणी चालून येतात. दसऱ्यानंतर अमरावती-अकोल्याच्या शिवारांत वेचणी सुरू झाली की, कमरेला कापसाची ओटी बांधलेल्या स्त्रिया दिवसभर उभ्याच असतात. पायांना इतके राबविणारा वऱ्हाडी माणूस टाच दुखू लागली की मात्र "हाड वाढले" असे म्हणून वेदना सोशीत राहतो. हा समज बहुतांशी चुकीचा आहे.

टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत तळपायात एक चिवट पट्टी असते. पायाची कमान ती तोलून धरते. अतिश्रम, वाढलेले वजन किंवा झिजलेली चप्पल यांमुळे ती टाचेला जेथे जोडलेली असते तेथे दुखावते. रात्रीच्या विश्रांतीत ती आखडते आणि सकाळी पहिले पाऊल टेकताच एकदम ताणली जाते. सकाळची ती तीव्र कळ चार पावले चालल्यावर कमी होते, ती यामुळेच. क्ष-किरण चित्रात दिसणारा हाडाचा काटा टाच न दुखणाऱ्या अनेकांनाही असतो. तो काढण्याची गरज क्वचितच पडते.

खरा उपचार साधा आहे आणि बिनखर्चाचाही. अंथरुणातून उठण्यापूर्वी दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर घ्यावा, हाताने पायाची बोटे नडगीकडे ओढावीत व दहा अंक मोजेपर्यंत तशीच धरावीत. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा करावे. भिंतीला हात टेकून, मागील पायाची टाच जमिनीवरून न उचलता पोटरी ताणणे हाही तितकाच महत्त्वाचा व्यायाम होय. थंड पाण्याची बाटली तळपायाखाली फिरविल्याने आराम पडतो. घरातील फरशीवरही मऊ चप्पल वापरावी. यंत्राने दिलेला शेक रुग्णांना आवडतो खरा, परंतु व्यायामाची जागा तो घेऊ शकत नाही. टाचेत वारंवार इंजेक्शने घेतल्यास पट्टी तुटण्याचा धोका संभवतो. बहुतेक रुग्ण शस्त्रक्रियेविना बरे होतात. मात्र त्यास काही महिने लागतात. काही आठवड्यांत उतार न पडल्यास अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयात किंवा अमरावतीच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात पाय दाखवावा.

ज्या पायाला वेदनाच कळत नाही, त्याची गोष्ट वेगळी. अमरावतीनजीकच्या तपोवनात डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी कुष्ठरुग्णांच्या सेवेचे कार्य उभे केले. कुष्ठरोगात, तसेच जुन्या मधुमेहात, पायाची संवेदना नष्ट होऊ शकते. अशा रुग्णांनी गरम पाण्याचा शेक कदापि घेऊ नये. कातडी भाजली तरी समजत नाही. त्यांनी रोज रात्री उजेडात तळपाय पाहावेत आणि आतून मऊ, पण बाभळीचा काटा आरपार जाणार नाही अशा तळव्याचे पादत्राण वापरावे.